खाडीतला तलवारबाजीचा खेळ: पात्रं बनवताना तोल कसा राखायचा

हा लेख टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायची गोष्ट) पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी आणि पहिल्यांदाच जीएम (गेम मास्टर, म्हणजे प्रसंग मांडून खेळ चालवणारा) होणाऱ्यांसाठी आहे. खेळ तलवारबाजीचा आहे: डोलकाठीवरून उड्या, गच्चीवरची झुंज, मेजवानीतून पळवलेलं पत्र. अशा खेळात पहिला घोळ पात्रं बनवतानाच होतो. चौघं जण सारखेच पॉइंट खर्च करतात, पण तीन तास एकच जण खेळतो आणि बाकीचे त्याचे फासे बघत बसतात. पॉइंट सारखे असून उपयोग नसतो. कुठलाही प्रसंग आला तरी प्रत्येकाच्या हातात करण्याजोगं काहीतरी हवं, आणि त्याने प्रसंग खरोखर बदलायला हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्याचसाठी आहेत.

उदाहरणं ठाण्याच्या खाडीतली घेतली आहेत. साल १७३६. ठाण्यात पोर्तुगीज आहेत आणि १७३० मध्ये त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला उभा राहतो आहे (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे). कान्होजी आंग्रे जाऊन सात वर्षं झाली आहेत. संभाजी आणि मानाजी या त्यांच्या मुलांचं आपसात पटत नाही. पुढच्या वर्षी मराठे साष्टीत उतरणार आहेत. तलवारबाजीच्या खेळाला लागणारी दुही, हेरगिरी, गुराबा (शिडांची मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं (त्यांहून लहान, वल्ह्यांचीही) इथे आयतीच मिळतात.

काय काय लागेल

- दर खेळाडूमागे सहा बाजूंचे दोन फासे. जुन्या लुडोतले चालतील, फक्त कडा झिजलेले नकोत.
- पात्राचे आकडे लिहायची, ए-फोर कागदावर एकाच बाजूला मावणारी शीट. दर खेळाडूला दोन प्रती, कारण पहिली खोडून खोडून फाटते.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको.
- वीसेक कवड्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पूजेच्या सामानात मिळतात. कशासाठी, ते सहाव्या पायरीत येईल.
- एक कोरा मोठा कागद, सगळ्यांची कौशल्यं एकत्र मांडायला.
- तीन तास. पात्रं बनवणं आणि पहिली मोहीम एकाच दिवशी उरकायचा प्रयत्न करू नका.

१. आधी प्रसंग लिहा, पात्रं नंतर

जीएमने मोहिमेत येऊ शकतील असे बारा प्रसंग एकेका ओळीत लिहावेत आणि सगळ्यांना वाचून दाखवावेत. रात्री जकात चौकी चुकवणं, गलबतावर चढाई, फिरंगी अधिकाऱ्याकडची मेजवानी, मिठागरातला पाठलाग, जखमी साथीदाराला चिखलातून ओढून आणणं, असे. मग मोजा. बारापैकी सात प्रसंग लढाईचे निघाले तर टेबलावर चारही जण तलवारबाज होणार. त्यांचा काही दोष नाही, यादीच तसं सांगते. लढाई चार, पळापळ आणि समुद्र चार, बोलणं आणि फसवणं चार, असं वाटप नवख्या टेबलाला बरं पडतं.

ही यादी खेळाडूंपासून लपवू नका. कुठे काय लागणार हे कळल्याशिवाय पॉइंट कशावर घालायचे ते कोणालाच ठरवता येत नाही.

२. फाशांचं गणित समजून घ्या

नियम सोपा ठेवला आहे. दोन फासे टाका, त्यात गुण आणि कौशल्य मिळवा. बेरीज ९ किंवा जास्त आली की साधं काम जमलं. अवघड कामाला ११ लागतात. ९ गाठायची शक्यता अशी:

- गुण + कौशल्य मिळून ०: शंभरात २८
- १: ४२
- २: ५८
- ३: ७२
- ४: ८३
- ५: ९२
- ६: ९७

हा तक्ता शीटच्या मागे छापून घ्या. यात दोन गोष्टी दिसतात. शून्यावरून दोनवर जाताना शक्यता दुप्पट होते, म्हणजे पहिले दोन पॉइंट सोन्याचे. आणि पाचवरून सहावर जाताना फक्त पाच टक्के वाढतात. तरीही नवखा खेळाडू हमखास सहाच्या मागे लागतो, कारण शीटवर मोठा आकडा छान दिसतो.

खरी अडचण पुढे येते. सहावाला सगळं सहज मारतो आहे हे पाहून जीएम आकडा ११ वर नेतो. आता सहावाल्याची शक्यता ८३, पण ज्याच्याकडे एकूण १ आहे त्याची १७. एकाला आव्हान द्यायला गेलात आणि दुसऱ्याला खेळाबाहेर बसवलंत. म्हणून नियम कडक ठेवा: सुरुवातीला गुण आणि कौशल्य यांची बेरीज ५ च्या वर नको.

३. गुण: एकही टाकाऊ नको

पाच गुण: ताकद, चपळाई, अक्कल, जिद्द, रुबाब. प्रत्येक ० ते ३. सगळ्या पात्राला मिळून ३० पॉइंट. गुणाची पहिली पायरी २ पॉइंटांची, दुसरी ३ ची, तिसरी ५ ची. म्हणजे गुण २ पर्यंत न्यायला ५ आणि ३ पर्यंत न्यायला १० पॉइंट पडतात.

भाव असा चढता का? सगळ्या पायऱ्या सारख्याच किमतीच्या ठेवल्या तर एकच गुण छताला नेऊन बाकीचे शून्य ठेवणं नेहमीच फायद्याचं ठरतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांतही हेच आहे. तिथे २७ पॉइंट मिळतात, आकडे ८ पासून सुरू होतात, १३ पर्यंत दर पायरीला एक पॉइंट आणि १४ व १५ साठी दोन-दोन.

चढत्या भावानेही न सुटणारी एक गोष्ट आहे. तलवारबाजीच्या खेळात सगळे चपळाई घेतात आणि रुबाब शून्यावर सोडतात. उपदेश करून हे थांबत नाही, प्रत्येक गुणाला ठोस काम द्यावं लागतं:

- ताकद: पकड, रेटणं, वल्ही मारणं.
- चपळाई: पात्याचे वार, उड्या, तोल सांभाळणं.
- अक्कल: डावपेच, नौका हाकणं, खुणा वाचणं.
- जिद्द: एकूण जखमा सोसण्याची क्षमता ४ + जिद्द.
- रुबाब: बोलणं, दरारा, आणि सेशनच्या सुरुवातीला १ + रुबाब एवढ्या कवड्या.

शेवटची ओळ छोटी आहे, पण तिच्यामुळे तलवारबाजही रुबाबाचा एक पॉइंट घेऊ लागतात.

४. कौशल्यं: रुंदी सारखी ठेवा

पहिली पायरी १ पॉइंट, दुसरी २, तिसरी ३. तिसऱ्या पायरीपर्यंत एकूण ६. यादी चौदाची पुरे: तलवार-पट्टा, हातघाई, बंदूक-तोफ, नौकानयन, खाडीची जाण, धावपळ, घोडेस्वारी, चोरपावलं, वेषांतर, मनधरणी, दटावणी, भाषा, सौदा, औषधपाणी.

इथली चूक चटकन लक्षात येत नाही. ‘तलवार-पट्टा’ एक कौशल्य आणि ‘पोहणं’, ‘चढणं’, ‘उडी’, ‘दोरीवरून झोके’ अशी चार वेगळी, अशी यादी केलीत की तलवारवाल्याला सहा पॉइंटांत सगळी लढाई मिळते आणि डोलकाठीवर चढणाऱ्याला चोवीस पॉइंट मोजावे लागतात. म्हणून ती चारही ‘धावपळ’ मध्ये घाला. कसोटी सोपी आहे. बारा प्रसंगांची यादी पुढे घ्या आणि प्रत्येक कौशल्य किती प्रसंगांत लागेल ते मोजा. तीनपेक्षा कमी ठिकाणी लागणारं शेजारच्यात मिसळा. सातपेक्षा जास्त ठिकाणी लागणारं तोडा.

नौकानयन आणि खाडीची जाण वेगळी का, असा प्रश्न येतो. नौकानयन म्हणजे शीड, सुकाणू, वल्ही. वारा पडला की गुराब जागच्या जागी अडकते आणि वल्ह्यांची गलबतं तिला ओढून नेतात. त्या वेळी हे कौशल्य हवं. खाडीची जाण म्हणजे पाणी आणि चिखल: कुठे रुतेल, कुठल्या फाट्यातून निघता येईल, भरती कधी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हा कोकणातला जुना हिशेब जीएमने जरूर वापरावा. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सहा-साडेसहा तासांनी, म्हणजे रात्री दहाच्या आसपास. खाडीची जाण असलेल्या पात्राने तिथी विचारायची आणि जीएमने ती सांगायची, फासे न टाकता. मग अख्ख्या टेबलाची योजना त्या एका खेळाडूभोवती फिरते. असं एखादं कौशल्य तलवारीइतकंच वजनदार ठरतं.

बंदुकीला मात्र आवर घाला. तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो, तोडा भिजला तर ती पेटतच नाही. नियम: एका प्रसंगात एकदाच झाडता येते, लागली तर दोन जखमा, पावसात नाही. हे आधी सांगितलं नाही तर लांबून मारणारी स्वस्त तलवार म्हणून सगळे ती घेतात.

५. तलवार: इथेच तोल जातो

उस्तादाकडे शिकलेल्या पात्रासाठी ‘तालीम’ नावाची खास बाब आहे, किंमत ६ पॉइंट. ती काय देते यावर सगळा खेळ अवलंबून आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

साधा वार लागला की एक जखम. ‘तालीम असेल तर कौशल्याच्या पायरीएवढ्या जखमा’ असा नियम वाचायला अगदी योग्य वाटतो. आता टेबलावर तिघे आहेत असं धरा. पट्टेवाली (पट्टा चालवणारी): चपळाई २, तलवार-पट्टा ३, एकूण ५. तांडेल (नौकेवरचा प्रमुख): ताकद १, हातघाई १, एकूण २. दुभाषी: हातघाई १, बाकी काही नाही, एकूण १. समोर फिरंगी कप्तान, ९ चा आकडा, ६ जखमा.

एका फेरीत पट्टेवालीच्या सरासरी जखमा ०.९२ गुणिले ३, म्हणजे पावणेतीन. तांडेलाच्या ०.५८, दुभाष्याच्या ०.४२. तिघांच्या मिळून पावणेचार, त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश एकटीच्या. कप्तान दुसऱ्या फेरीत आडवा. दुभाष्याने दोनदा फासे टाकले आणि त्याने काही फरक पडला नाही. पुढच्या वेळी तोही तालीम घेईल, आणि मग टेबलावर तिघेही पट्टेवालेच.

आता नियम बदला: तालीम जखमा वाढवत नाही, डाव देते. वार लागला की एक जखम आणि सोबत एक डाव:

- हिसका: शत्रूचं हत्यार हातातून सुटतं.
- रेटा: शत्रू एक जागा मागे. मागे पाणी असेल तर पाण्यात.
- पलटी: तुमची आणि शत्रूची जागा बदलते.
- आड: पुढच्या वळणापर्यंत (म्हणजे तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत) साथीदारावरची एक जखम तुम्ही अडवता.

तोच डाव लागोपाठ दोनदा नाही. नाहीतर हिसक्यामागून हिसका चालतो आणि लढाई रटाळ होते.

पुन्हा मोजा. पट्टेवाली ०.९२, तांडेल ०.५८, दुभाषी ०.४२, एकूण १.९२. कप्तान तीन-चार फेऱ्या टिकतो. पट्टेवालीचा वाटा निम्म्याच्या आसपास राहतो, आणि तो तसाच असायला हवा, तिने पॉइंट त्यावरच घातले आहेत. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कच्च्या लढवय्यात दोन-सव्वादोन पटींचा फरक टेबलाला मानवतो. सहा पटींचा मानवत नाही.

पुढचा नियम: न लढणाऱ्याला लढाईत ‘मोका’ तयार करता यावा. आपल्या वळणाला वार न करता कुठलंही कौशल्य वापरा, ९ गाठा, आणि साथीदाराच्या पुढच्या फाशांना २ मिळवा. तांडेल नौकानयन ३ आणि अक्कल २ लावून गलबत एका अंगाला कलवतो, शक्यता ९२. दुभाष्याची शक्यता त्यामुळे ४२ वरून थेट ७२ वर जाते. किंवा दुभाषी पोर्तुगीजमध्ये ओरडून शिपायांना उलट्या दिशेला पळवतो. एकाच कौशल्याचा मोका एका लढाईत एकदाच, म्हणजे दर वेळी काहीतरी नवं सुचवावं लागतं.

आणि कप्तान अवघड वाटायला हवा असेल तर त्याचा आकडा ११ करू नका, जखमा ६ च्या ८ करा. आकडा चढवला की कच्चा लढवय्या आधी मरतो. जखमा वाढवल्या की लढाई लांबते आणि सगळ्यांना वळण मिळतं.

६. ओळखी आणि दोष

ओळख २ पॉइंटांची: किल्ल्यावरचा मुकादम, मानाजीच्या आरमारातला कोणी, मिठागराचा मालक. सेशनमध्ये एकदा तिच्याकडून मदत मिळते. दर ओळखीमागे एक वैरीही लिहायला लावा. मानाजीचा माणूस ओळखीचा असेल तर संभाजीच्या माणसांना तुम्ही खुपणार. पैसा मात्र पॉइंटांत विकू नका. श्रीमंत पात्र सौदा, मनधरणी आणि ओळखी ही तिन्ही एका थैलीत विकत घेतं.

दोषांसाठी आगाऊ पॉइंट देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘दोष घ्या, पाच पॉइंट मिळवा’ म्हटलं की ‘उंचीची भीती’ घेणारं पात्र कधीच उंचावर जात नाही आणि पाच पॉइंट फुकट राहतात. त्याऐवजी दोष एकच, पॉइंट शून्य. खेळात त्या दोषाने खरोखर पंचाईत केली की जीएम त्याच वेळी एक कवडी हातावर ठेवतो. कवडी दिली की एक फासा पुन्हा टाकता येतो. हातात एका वेळी पाचपेक्षा जास्त नकोत. मग खेळाडू स्वतःहून दोष पुढे काढतात.

७. सगळ्या शीट एका कागदावर

तीन तयार पात्रं, हिशेब ताडून बघण्यासाठी:

पट्टेवाली: चपळाई २, जिद्द १, रुबाब १ (९ पॉइंट). तलवार-पट्टा ३, धावपळ २, घोडेस्वारी, दटावणी, मनधरणी, औषधपाणी प्रत्येकी १ (१३). तालीम (६). एक ओळख (२). एकूण ३०.

चेंदणी कोळीवाड्यातला तांडेल: अक्कल २, ताकद १, जिद्द १ (९). नौकानयन ३, खाडीची जाण ३, धावपळ २, हातघाई १, सौदा १ (१७). दोन ओळखी (४). एकूण ३०.

दुभाषी: रुबाब २, अक्कल २ (१०). भाषा ३, मनधरणी ३, वेषांतर २, हातघाई १ (१६). दोन ओळखी (४). एकूण ३०.

बघा, पट्टेवालीकडे तिसऱ्या पायरीचं एकच कौशल्य आहे, बाकी दोघांकडे दोन-दोन. तालमीचे सहा पॉइंट तिथून आले.

आता मोठ्या कागदावर डावीकडे चौदा कौशल्यं आणि वर पात्रांची नावं लिहून आकडे भरा. दोन गोष्टी तपासा. एक, तिसऱ्या पायरीचं तेच कौशल्य दोघांकडे नको. दोघे जण तलवारीत ३ असतील तर एकाला दुसऱ्याची सावली व्हावं लागतं. दोन, ज्याच्याशिवाय मोहीम अडेल असं कौशल्य निदान दोघांकडे हवं, दुसऱ्याकडे १ असलं तरी चालेल. वरच्या तिघांत नौकानयन एकट्या तांडेलाकडेच आहे. पट्टेवालीने घोडेस्वारी सोडून नौकानयन १ घ्यावं, खाडीत घोडा तसाही फारसा लागणार नाही. हा नियम आपल्याकडे विशेष गरजेचा आहे. रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक लागला आणि तांडेलाचा खेळाडू नेरूळला अडकला, तर ठाण्यातल्या टेबलावर गलबत हाकणारं कोणी उरत नाही.

८. अर्ध्या तासाची चाचणी

मोहिमेआधी तीन छोटे प्रसंग खेळा, प्रत्येकी दहा मिनिटं: कप्तान आणि एकेका जखमेत पडणारे चार शिपाई, रात्रीची जकात चौकी, मेजवानी. कोणाच्याही कृतीने प्रसंगाला वळण मिळालं की त्याच्या नावापुढे रेघ मारा. नुसत्या फाशांना रेघ नाही. शेवटी ज्याच्या रेघा पहिल्याच्या निम्म्याहून कमी, त्याची शीट उघडा. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक निघतं. एकतर पॉइंट सहा-सात कौशल्यांत एकेक करून पसरलेले असतात आणि कशातच २ च्या वर काही नसतं. असं असेल तर तीन एकेकट्या पायऱ्या काढून ते पॉइंट एका कौशल्याची तिसरी पायरी चढायला लावा. किंवा पात्राचं मुख्य कौशल्य बारा प्रसंगांत जेमतेम दोनदा येतं. ते खेळाडूच्या हातात नाही. तिथे जीएमने दोन प्रसंग बदलावेत.

९. बदलाची मुभा लिहून ठेवा

शीटच्या तळाशी एक ओळ छापा: ‘दुसऱ्या सेशननंतर ५ पॉइंटांपर्यंत बदल चालेल.’ बदल सगळ्यांसमोर करायचा, म्हणजे सातव्या पायरीतला मोठा कागदही त्याच वेळी दुरुस्त होतो. तालीम मात्र मधूनच घेता किंवा सोडता येणार नाही. ती हवी असेल तर मोहिमेत उस्ताद शोधावा लागेल, आणि त्याचा प्रसंग जीएमने आधीच्या बारांत तेरावा म्हणून जोडायचा.